साहेबांना क्लास लावले?

जालन्याच्या एका स्टील कारखान्यात एचआर सांभाळणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे: ‘अधिकाऱ्यांशी कोचनं एकास एक बोलायचं, त्या एक्झिक्युटिव्ह कोचिंगला मराठीत काय म्हणावं? नोटीस बोर्डावर ‘अधिकारी कोचिंग’ लिहिलं, तर कामगार हसायला लागले, साहेबांनाही क्लास लावले म्हणून!’

हसणाऱ्यांचं काय चुकलं? लातूर मराठवाड्यातच असल्यावर कोचिंग म्हटलं की नीटचे क्लास आणि टेस्ट सिरीजच आठवणार. शब्दाचा इतिहासही त्यांच्याच बाजूनं आहे. हंगेरीतल्या कोच गावच्या घोडागाडीवरून इंग्रजीत गाडीला कोच म्हणू लागले. पुढं एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या पोरांनी परीक्षेतून पार नेणाऱ्या मास्तराला ते नाव दिलं. खेळातला कोच त्याच्यानंतरचा. टेनिस शिकवणाऱ्या टिमथी गॅलवे यांनी १९७४च्या पुस्तकात सूचनांचा भडिमार कमी करून खेळाडूचं स्वतःचं लक्ष जागं करायचं मांडलं, आणि तोच धागा जॉन व्हिटमोर यांच्यासारख्यांनी कंपन्यांत नेला. इथं अर्थ उलटला. मास्तर उत्तर सांगतो, हा कोच प्रश्न विचारतो.

म्हणून ‘प्रशिक्षण’ आणि ‘मार्गदर्शन’ दोन्ही बाद. दोन्हींत सांगणारा वर बसलेला आहे. ‘समुपदेशन’ लिहिलंत तर साहेबांचं घरी काही बिनसलंय अशी कुजबुज होईल. गाडीवरून काहींना ‘सारथ्य’ सुचतं. पण श्रीकृष्ण अठरा अध्याय बोलला. कोच तेवढा बोलला तर फी परत मागावी!

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी होतो, तिथं आमचे प्रॉडक्शनचे साहेब प्रत्येक गेटपासवर स्वतः सही करायचे. ट्रक उभे, ड्रायव्हर चहावर चहा पीत बसलेले. कोचनं त्यांना विचारलं, ‘तुम्ही दोन दिवस आला नाहीत तर काय अडेल?’ साहेब बराच वेळ गप्प. पुढच्या आठवड्यात सहीचं पॅड सुपरवायझरच्या टेबलावर आलं. साहेबांना मशीनकडं बघायला सवड मिळाली, आणि राजीनामा खिशात घेऊन फिरणारा तो सुपरवायझर टिकला. कंपनीचा फायदा म्हणतात तो हा. पण त्या खोलीतलं बोलणं मालकाच्या कानावर जायला लागलं, की दुसऱ्याच बैठकीत साहेब हवापाण्याच्या गप्पा मारतात.

मला जवळचा वाटतो तो आपल्याकडचा ‘सोबत’. रात्रीची लाईट असली की पाणी द्यायला जाणारा म्हणतो, ‘चल रे, सोबतीला.’ सोबतीला आलेला दारं धरत नाही. बॅटरी दाखवतो, मधेच विचारतो, ‘त्या कोपऱ्यात पाणी पोचलं का?’ शेत ज्याचं, फावडं त्याच्याच हातात.

तरी बोर्डावर नुसतं ‘सोबत’ लिहून कुणाला कळायचं नाही. ‘कोचिंग’ आता मराठीच झालाय, तो राहू द्या. खाली एक ओळ टाका: ‘खातेप्रमुखांसाठी एकास एक बोलणी. शिकवणी नाही, परीक्षा नाही. बोललेलं बाहेर जाणार नाही.’