वाचकांचे प्रश्न : ई-मेलचे खाते सर्व्हिस बसला जोडताना

प्रश्न : आमचा चाकण येथे वाहनांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. ग्राहकांच्या मागण्या ई-मेलने येतात, सोबत एक्सेल किंवा पीडीएफ फाइल असते. त्या आपोआप ईआरपीपर्यंत (कारखान्याचे व्यवहार सांभाळणाऱ्या प्रणालीपर्यंत) पोहोचाव्यात म्हणून अपाची कॅमल या सॉफ्टवेअरवर उभारलेली एंटरप्राइझ सर्व्हिस बस, म्हणजे वेगवेगळ्या प्रणालींमध्ये संदेशांची ने-आण करणारा प्रोग्राम, आम्ही मेलबॉक्सला जोडत आहोत. मेलबॉक्स मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहे. ब्राउझरमध्ये जो पासवर्ड चालतो तोच बसमध्ये दिला, तर 'ऑथेंटिकेशन फेल्ड' असे उत्तर येते. पासवर्ड बदलूनही उपयोग झाला नाही. सर्व्हरवरून मेल घेण्यासाठी आयमॅप वापरावे की पॉप-थ्री, हेही सांगावे.

उत्तर : पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी हा अडथळा दूर होणार नाही, कारण दोष पासवर्डात नाहीच. नुसते नाव आणि पासवर्ड पाठवून आयमॅप किंवा पॉप-थ्रीने मेलबॉक्समध्ये शिरण्याची पद्धत, जिला बेसिक ऑथेंटिकेशन म्हणतात, ती मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइनवर (मायक्रोसॉफ्ट ३६५ ची मेलसेवा) १ ऑक्टोबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने बंद केली. गुगलने वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी तीच वाट त्याच वर्षी ३० मेपासून बंद करायला घेतली होती. इंटरनेटवर सापडणारी पुष्कळ उदाहरणे त्याआधीची आहेत. त्यांत जोडणीच्या पत्त्यातच पासवर्ड लिहिलेला असतो, आणि ती जशीच्या तशी उतरवून घेणाऱ्याला आज तुमच्यासारखेच उत्तर मिळते.

आता ओऑथ २.० हाच मार्ग आहे, म्हणजे पासवर्डऐवजी टोकन, थोड्या वेळापुरता मिळणारा प्रवेश-परवाना, दाखवण्याची पद्धत. बस हा रात्री-अपरात्री आपला आपण चालणारा प्रोग्राम असल्यामुळे तिथे लॉग-इनच्या पानावर मोबाइलवरचा कोड टाकायला कोणी बसलेले नसते. म्हणून 'क्लायंट क्रेडेन्शियल्स' हा प्रकार निवडावा. त्यात प्रोग्रामला स्वतःची ओळख असते आणि ती दाखवून तो टोकन मिळवतो. मायक्रोसॉफ्ट एन्ट्रामध्ये (खाती आणि परवानग्या सांभाळणारी सेवा) अ‍ॅपची नोंदणी करायची, 'आयमॅप अ‍ॅक्सेस अ‍ॅज अ‍ॅप' ही परवानगी मागायची आणि अ‍ॅडमिनची संमती घ्यायची, इथपर्यंत सहसा सगळे नीट होते. एवढ्याने टोकन मिळते, पण मेलबॉक्स उघडत नाही. त्यासाठी पॉवरशेलमधून (आज्ञा टाइप करून देण्याचे साधन) त्या अ‍ॅपची एक्स्चेंजकडे 'सर्व्हिस प्रिन्सिपल' म्हणून नोंद करावी लागते आणि मग ज्या मेलबॉक्सवर मागण्या येतात, फक्त त्याच मेलबॉक्सवर तिला अधिकार द्यावा लागतो.

घोळ होतो तो इथे. ही नोंद करताना 'ऑब्जेक्ट आयडी' द्यावा लागतो, आणि एकाच अ‍ॅपचे दोन वेगवेगळे ऑब्जेक्ट आयडी एन्ट्राच्या दोन पानांवर दिसतात : एक 'अ‍ॅप रजिस्ट्रेशन्स'मध्ये, दुसरा 'एंटरप्राइझ अ‍ॅप्लिकेशन्स'मध्ये. आपल्याला हवा असतो तो दुसरा. नोंदणी पहिल्या पानावर केलेली असल्यामुळे साहजिकच तिथलाच क्रमांक उचलला जातो, आणि बाकी सगळे बरोबर असूनही शेवटी तेच 'ऑथेंटिकेशन फेल्ड' समोर उभे राहते. तुमच्या अ‍ॅडमिनना सर्वांत आधी हे तपासायला सांगा.

मिळालेले टोकन साधारण तास-सव्वा तासात संपते, म्हणून ते कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये चिकटवून ठेवण्यात अर्थ नाही. एक्स्चेंज ऑनलाइनसाठी वेळोवेळी नवे टोकन आणणारे तयार मॉड्यूल कॅमलमध्ये आहे. तुमची आवृत्ती जुनी असेल आणि त्यात ते नसेल, तर स्वतः कोड लिहिण्यापेक्षा आवृत्ती बदलण्याचे कष्ट घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आयमॅप की पॉप-थ्री, याचे उत्तर सोपे आहे. पॉप-थ्रीला फोल्डर ठाऊक नाहीत आणि 'वाचले', 'न वाचले' अशा खुणाही नाहीत. आयमॅप घ्यावे, पोर्ट ९९३, सुरुवातीपासून टीएलएससह, म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात नेणाऱ्या सुरक्षित जोडणीने.

प्रश्न : आमची जोडणी चालू आहे, पण अधूनमधून एकच मागणी दोनदा नोंदली जाते. उलट एखादी मागणी मेलबॉक्समध्ये स्पष्ट दिसत असूनही ईआरपीमध्ये येतच नाही. बस दर मिनिटाला न वाचलेले मेल उचलते. — एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही तक्रारींचे मूळ तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. 'न वाचलेले' ही खूण माणसांच्या सोयीची आहे, आणि तिच्यावर मागण्यांचा हिशेब सोपवला की तो कधी ना कधी चुकणारच.

हरवणाऱ्या मागणीचे पाहू. मेल आला आणि बसची पुढची फेरी होण्याआधी विक्री विभागातल्या कोणी तो आउटलुकमध्ये उघडून पाहिला, की त्याच्यावर 'वाचले' अशी खूण पडते. मिनिटाभराने बस येते, न वाचलेले मेल मागते, आणि त्या यादीत हा मेल नसतो. लॉगमध्ये त्रुटी दिसत नाही, कारण बसच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते. यावर उपाय एकच : बस वाचते तो मेलबॉक्स फक्त बसचा असावा. माणसांना मागण्या पाहायच्या असतील तर सर्व्हरवर नियम लावून त्यांना वेगळी प्रत पाठवावी.

दोनदा नोंदली जाणारी मागणी याच्या उलट वाटेने येते. बसने मेल उचलला, मागणी ईआरपीत गेली, आणि मेलवर खूण करण्याच्या क्षणी जोडणी तुटली. पुढच्या फेरीत तोच मेल पुन्हा न वाचलेला म्हणून समोर येतो. बसच्या दोन प्रती दोन सर्व्हरवर एकाच मेलबॉक्सवर नजर ठेवून असतील, तर तुटलेल्या जोडणीचीही गरज नाही. मेल उचलणारी प्रत एका वेळी एकच असावी. दुसरी राखीव असायला हरकत नाही.

म्हणून हिशेब बसने स्वतः ठेवावा. सरकारी कचेरीत आलेल्या कागदावर आधी आवक क्रमांक पडतो आणि मगच तो टेबलावर जातो, तोच क्रम इथे हवा. मेल उचलताच त्याची मूळ, न उलगडलेली प्रत डेटाबेसमध्ये किंवा टिकाऊ क्यूमध्ये (संदेशांच्या रांगेत) लिहावी, ती लिहिली गेल्याची खात्री झाल्यावर मेल 'घेतले' अशा फोल्डरमध्ये हलवावा, आणि फाइल उघडणे, तपासणे, ईआरपीला पाठवणे ही सारी पुढची कामे त्या प्रतीवरून करावीत. कॅमलमध्ये 'पीक' हा पर्याय मुळात चालूच असतो, तो बंद करू नये. त्याच्यामुळे नुसते वाचण्याने मेलवर खूण पडत नाही आणि काम फसले तर मेल न वाचलेलाच राहतो. 'डिलीट'चा पर्याय मात्र चालू करू नये. मेलबॉक्स भरत चालल्याची चिंता असेल तर जुने फोल्डर सवडीने रिकामे करता येतात, पण उचलताच पुसलेला मेल परत मिळवणे कठीण असते.

तोच मेल पुन्हा आला आहे का, हे ओळखण्यासाठी प्रत्येक मेलचा मेसेज-आयडी (मेलसोबत येणारी त्याची स्वतंत्र ओळख) नोंदून ठेवावा. कॅमलची 'आयडेम्पोटंट रिपॉझिटरी' हेच काम करते; फक्त ती मेमरीत न ठेवता डेटाबेसमध्ये ठेवावी, नाहीतर बस बंद करून चालू केली की सारी आठवण पुसली जाते. एवढ्यावर समाधान मानू नये, कारण ग्राहकाने घाईत तीच मागणी पुन्हा पाठवली तर तिचा मेसेज-आयडी नवा असतो. ग्राहकाचा कोड आणि मागणीचा क्रमांक ही जोडी ईआरपीच्या दारातही तपासली गेली पाहिजे.

प्रश्न : काही मेलचे मराठी विषय बसमध्ये प्रश्नचिन्हे आणि असंबद्ध रोमन अक्षरे असे दिसतात. काहींमध्ये विषय वाचता येतो, पण मधलेच एखादे अक्षर बिघडलेले असते. — एक वाचक, सांगली

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. पारंपरिक पद्धतीत मेलच्या शीर्षभागात (विषय, पत्ते वगैरे असलेल्या भागात) फक्त साधी रोमन अक्षरे जातात, म्हणून देवनागरी विषय बेस-६४ मध्ये (साध्या रोमन अक्षरांच्या आणि अंकांच्या संकेतात) गुंडाळून पाठवला जातो. पहिल्या प्रकारात तुमच्या प्रोग्रामने तो न उलगडता तसाच पुढे दिला आहे. जावाच्या मेल लायब्ररीत उलगडण्याची सोय तयार आहे, ती वापरावी. जोडलेल्या फाइलींच्या नावांसाठी मात्र 'डिकोड फाइलनेम' ही सिस्टिम प्रॉपर्टी वेगळी चालू करावी लागते.

दुसरा दोष बहुधा पाठवणाऱ्याकडचा असतो. गुंडाळलेल्या एका तुकड्याची लांबी ७५ अक्षरांपर्यंतच असू शकते. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत) त्यात जास्तीत जास्त ४५ बाइट मावतात, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा हलन्त, ३ बाइट घेते. 'ऑक्टोबर महिन्याची मागणी' हा विषय घ्या. तो ६५ बाइटांचा आहे, म्हणजे दोन तुकडे करावेच लागतात. आणि कोणी आंधळेपणाने ४५ व्या बाइटवर कापले, तर सुरी बरोबर 'महिन्याची'मधल्या 'च'वर पडते, त्याचे दोन बाइट एका तुकड्यात आणि तिसरा दुसऱ्यात जातो. तुकडा पूर्ण अक्षरावरच संपला पाहिजे असा नियम आहे, पण सगळेच प्रोग्राम तो पाळत नाहीत. अशा वेळी प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे अक्षरांत न बदलता आधी सर्व तुकड्यांचे बाइट जोडून घ्यावेत आणि मग एकदाच यूटीएफ-८ म्हणून वाचावेत. वर सांगितलेली मूळ प्रत जपली असेल, तर जुने बिघडलेले विषयही या रीतीने दुरुस्त करता येतील.

प्रश्न : मागणी मिळाल्याची पोच बसकडून आपोआप पाठवावी का?

उत्तर : जरूर पाठवावी, पण आलेल्या मेलचे शीर्ष तपासून. ग्राहक रजेवर असेल तर त्याचे स्वयंचलित उत्तर येते, बस त्यालाही पोच देते, आणि दोन्ही यंत्रे एकमेकांना मेल पाठवत राहू शकतात. यासाठी 'ऑटो-सबमिटेड' या शीर्षाचे मानक २००४ पासून आहे. ते शीर्ष असेल आणि त्याचे मूल्य 'नो' नसेल, किंवा परतीचा पत्ता रिकामा असेल, तर उत्तर देऊ नये. आपल्या पोचेवरही ते शीर्ष 'ऑटो-रिप्लाइड' या मूल्यासह लावावे, म्हणजे पलीकडच्या यंत्रालाही तेच कळेल.