खाऊगल्ली: तुमचे प्रश्न

प्रश्न: ताई, मुलाकडे न्यू जर्सीला आलोय, नातू सारखा फाइव्ह गाइज नावाच्या बर्गरच्या हॉटेलात चला म्हणतो, पण आम्ही दोघं पक्के शाकाहारी, तिथे जाऊन नुसतं बघत बसायचं का?

उत्तर: अहो बघत कशाला, बिनधास्त जा! पॅटी बीफची असते हे खरं, पण व्हेज सँडविच मिळतं, त्यात पॅटीच नसते, परतलेला कांदा, मश्रूम, ढोबळी मिरची असं हवं ते फुकट घालून घ्यायचं. फक्त भाज्यांसाठी मांसापेक्षा वेगळा ग्रिल वापराल का, हे आधी विचारा, सोवळं कडक असेल तर सँडविच सोडाच. खरी मजा फ्राइजमध्ये, ताजे बटाटे सालासकट कापून शेंगदाणा तेलात तळतात, कप भरला तरी वरून अजून एक डाव पिशवीत ओततात, त्यामुळे 'लिटल' साइज दोघांना पुरतो. बटाटा, शेंगदाणा तेल, मीठ, म्हणजे जवळजवळ उपवासाचंच की! केजन मसाला मात्र नको म्हणा. मिल्कशेकमध्ये केळं, पीनट बटर, कॉफी एकत्र घातलं तरी जादा पैसे नाहीत, पण एकच घ्या आणि तीन स्ट्रॉ मागा, भयंकर जड असतो. आणि हो, कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर तिकडे फिरकूच नका.