कोल्हापूरला बदली झालीये. रविवारी एका दिवसात समुद्र बघून परत येता येतं का? आणि आसपास कुठं जावं?

येतं, पण दोन अटींवर. पहाटे पाचला गाडी फुलेवाडी नाका सोडून पुढं गेलेली पाहिजे आणि किनाऱ्यावरचं एकच गाव धरायचं. तुम्ही लिहिलंय की आई-वडील सोबत असतात, आईंचे गुडघे दुखतात, लेक सात वर्षांची आहे आणि सुट्टी फक्त रविवारची. अशी मंडळी गाडीत घालून रत्नागिरी, गणपतीपुळे, जयगड एका दिवसात उरकणारे माझ्या ओळखीत आहेत. त्यांचा समुद्र बराचसा गाडीच्या काचेतूनच होतो.

तुमच्यासाठी मी कुणकेश्वर म्हणेन. शंकराचं देऊळ अगदी पुळणीला लागून आहे. आई-वडिलांचं दर्शन होतं, लेक वाळूत खेळते आणि सगळे एकमेकांच्या नजरेत राहतात. रस्ता गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे, नांदगाव तिठा, मग देवगडकडं. एकूण दीडशेच्या आसपास किलोमीटर, थांबत गेलात तर चार तास धरा. गगनबावड्यात उतरून चहा घ्या, कारण पुढं घाटात मुलांना हमखास मळमळतं. निघण्याआधी घाट चालू आहे का तेवढं विचारा. दरड नाहीतर काम, काहीतरी निघतंच. गगनबावड्यातूनच भुईबावडा घाटाचा दुसरा फाटा खारेपाटणकडं उतरतो, पण तो अरुंद आहे. सवय नसेल तर नको. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची मोठी जत्रा असते, त्या दिवसांत जाऊ नका.

मुलीला किल्ल्याचं वेड असेल तर मात्र तळेऱ्याहून सरळ विजयदुर्ग गाठा. वाटेत गिर्येला रामेश्वराचं देऊळ आहे, कातळ खोदून केलेल्या वाटेनं आत जायचं. ते चुकवू नका. मासे दोन्हीकडं मिळतील, पण जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताजा बांगडा मिळेल ही आशा सोडा. तसाही पावसाळ्यातला समुद्र लेकराला घेऊन जाण्यासारखा नसतो.

परत निघायची वेळ दुपारी तीन. सूर्यास्त बघून निघू म्हणालात तर घाट अंधारात चढावा लागतो, आणि खरी परीक्षा घाटानंतर असते. गळीत हंगाम चालू असला की गगनबावडा ते कोल्हापूर रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात. एकामागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. आणि पुढचा ट्रॅक्टरवाला टेप मोठ्यानं लावून निवांत चाललेला, त्याला तुमचा हॉर्न ऐकू येत नाही. या रस्त्यावर उजेडातच कोल्हापूर जवळ करायचं.

आता माझं खरं मत. समुद्र वर्षातून एकदा, हिवाळ्यात करा. बाकीचे रविवार ऋतू बघून दिशा ठरवा. पावसात पश्चिमेला घाटमाथ्यापर्यंतच जायचं, थंडीत पूर्वेला, आणि उन्हाळ्यात पन्हाळा.

पूर्वेला म्हणजे खिद्रापूर. बाहेरून आलेले लोक अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस करून निघून जातात आणि जिल्ह्यातली सगळ्यात देखणी वास्तू राहून जाते. कृष्णेकाठचं हे कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. देवळाच्या पुढ्यात स्वर्गमंडप आहे. गोल खांबांचं कडं, आणि वर छताच्या मधोमध मोठं गोल भोक, थेट आभाळ. त्याखाली जमिनीवर तेवढीच मोठी गोल शिळा आहे. सकाळी दहा-अकराला गेलात तर उन्हाचा गोळा खांबांवरून सरकत खाली येताना दिसतो. खांब जवळून बघा: एकाच दगडात खाली चौकोन, मग अष्टकोन, मग वर्तुळ, आणि काही ठिकाणी इतकी गुळगुळीत झिलई की तुमचा हात त्यात पुसट दिसतो. मग बाहेरून देवळाला एक फेरी मारा. पायाशी हत्तींचा थर आहे, सगळा भार त्यांच्या पाठीवर. लेकीला हत्ती मोजायला सांगा, तुम्हाला अर्धा तास निवांत मिळेल.

शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही. गाभाऱ्यात दोन शाळुंका आहेत, एक कोपेश्वर, एक धोपेश्वर. सती दक्षाच्या यज्ञाला नंदीवर बसून गेली ती परतलीच नाही, म्हणून शंकराचा कोप झाला आणि विष्णूनं त्याला शांत केलं, अशी इथली कथा. नंदी म्हणे पलीकडं कर्नाटकात यडूरला राहिला. आजी-आजोबा सोबत असले की ही गोष्ट तेच रंगवून सांगतात, आपण फक्त गाडी चालवायची.

येताना कुरुंदवाडवरून नरसोबाच्या वाडीला या. दत्ताच्या पादुकांचं दर्शन, संगमावर थोडं बसणं आणि मग बासुंदी. कवठाची बर्फी घरी घेऊन जा. पेढे कुठंही मिळतात, ती नाही मिळत. घाटाला पायऱ्या आहेत, आईंना वरच बसू दे. ऐन पावसाळ्यात कृष्णेचं पाणी देवळात शिरतं. त्या दक्षिणद्वार सोहळ्यासाठी लोक मुद्दाम जातात, पण पाऊस वाढला की शिरोळ तालुक्यातले रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही.

पावसाळ्यात राधानगरी. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं हे धरण. त्याचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात. ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ ही बातमी आली की इथला माणूस आधी पंचगंगेची पातळी विचारतो, मग सहलीचं बोलतो. तुम्हालाही ती सवय होईल. दाजीपूरचे गवे बघायचे असतील तर थंडीतच जा, पावसात अभयारण्य बंद असतं. पंचगंगा चढली की गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीजवळ आणि रत्नागिरी रस्त्यावर केर्लीजवळ पाणी येतं, तेव्हा त्या दिशा सोडूनच द्यायच्या.

पन्हाळा वीस किलोमीटर, हा तर अर्ध्या दिवसाचा मामला. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून गर्दी वाढलीये, म्हणून सकाळी आठच्या आत वर पोचा. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जाकोठी, सगळीकडं जवळपर्यंत गाडी जाते, चालणं थोडंच. 1660 च्या वेढ्याची गोष्ट मुलीला तटावर उभं राहूनच सांगा, मसाई पठाराकडं बोट दाखवून. महाराज विशाळगडाकडं निघाले ती हीच बाजू. जोतिबा जवळच आहे खरा, पण रविवार हा त्याचाच वार आणि तिथं पायऱ्या आहेत. आईंसाठी एखादा मधला वार सुट्टी टाका, आणि पांढरे कपडे घालू नका, गुलाल जात नाही.

कधी सकाळी उशीर झालाच तर कणेरी मठाचं संग्रहालय आहे, शहरापासून बारा किलोमीटरवर. जुन्या गावगाड्याचे पुतळे आहेत, कुंभार, लोहार, मोट हाकणारा शेतकरी, अगदी खऱ्या मापाचे. मुलांना आवडतं, म्हाताऱ्यांना त्याहून जास्त, कारण प्रत्येक पुतळ्यापुढं त्यांची एक आठवण निघते. तिथं वेळ जातो, तेव्हा जेवण आधी उरकून जा. रविवारी दुपारी मटण खानावळीत जागा मिळवायची असेल तर बाराच्या आत टेबल धरलेलं बरं.