पांढरे ठिपके आणि उडालेली झोप

‘रात्रभर मोबाइलवर हेलिकॉप्टरच्या हल्ल्यांचे व्हिडिओ बघत पडलेला असतो. मनाचा दगड होईल का हो याच्या?’ सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांचे आईवडील माझ्याकडे समुपदेशनाला हा प्रश्न बऱ्याचदा घेऊन येतात. पुढची हकिगत ओळख पटू नये इतपत बदलली आहे.

मुलगा १९ वर्षांचा. पहाटे साडेचारला उठून १६०० मीटर पळणारा. दीड महिन्यात वेळ बिघडला, अकॅडमीत चिडचिड वाढली, म्हणून वडील घेऊन आले. मुलाची तक्रार मात्र वेगळीच होती. ‘मॅडम, रक्त नाही, चेहरा नाही, नुसते पांढरे ठिपके. बघताना काहीच होत नाही. मग डोळे मिटले की तेच का दिसतं?’

हे व्हिडिओ बहुतेक इराक-अफगाणिस्तानातले, अमेरिकी अपाचे हेलिकॉप्टर किंवा एसी-१३० या तोफा बसवलेल्या विमानातून टिपलेले. उष्णता टिपणारा हा कॅमेरा नेम धरायला असतो, माणूस ओळखायला नव्हे. शरीर गरम म्हणून पांढरं, जमीन गार म्हणून काळी. ऐकू येतं ते विमानातल्यांचं रेडिओवरचं बोलणं. खालचा आवाज नसतोच. मुलाला एक दृश्य छळत होतं: ठिपका पडतो, मग सरपटत भिंतीकडे जाऊ लागतो, कॅमेरा त्याच्यावरच थांबतो. ठिपका हळूहळू राखाडी होत जमिनीच्या रंगात मिसळतो. तो राखाडी का झाला, हे मुलाच्या दोन दिवसांनी ध्यानात आलं. शरीर गार पडत होतं. झोप गेली ती त्या रात्रीपासून.

म्हणजे दगड वगैरे काही झालेला नव्हता. दगडाची झोप उडत नाही. वडिलांनी नेटवर वाचून ‘पीटीएसडी’ (आघातानंतरचा ताणविकार) हा शब्दही आणला होता. २०१३च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेनुसार, कामाचा भाग नसेल तर पडद्यावर पाहिलेला प्रसंग त्या निदानासाठी धरत नाहीत. पण निदान बसत नाही म्हणून त्रास खोटा ठरत नाही. २०१३च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतरच्या एका अभ्यासात, आठवडाभर रोज सहा किंवा जास्त तास त्याच बातम्या-दृश्यं पाहणाऱ्यांनी प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त तीव्र ताण नोंदवला. नुसता संबंध दिसला, कारण सिद्ध झालं नाही. तरी दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

दुसऱ्या भेटीत त्यानं खालच्या मानेनं विचारलं, ‘सैनिक बघतात ते चालतं, मग मी बघणं चूक का?’ सैनिक आदेशानं बघतो, नियमांत बसून निर्णय घेतो आणि त्याची जबाबदारी त्याच्यावर येते. आपण पांघरुणात आडवं पडून बघतो. हा फरक एवढा उघड आहे, तरी तो मोठ्यानं म्हणावा लागतो.

मग व्हिडिओ न लावता कागद काढला. पाहिलेल्या प्रत्येक व्हिडिओपुढे पाच रकाने: कुठला, कधीचा, कुणी बाहेर काढला, सुरू होण्याआधी काय घडलं, संपल्यावर काय झालं. अकरापैकी आठ ओळींत शेवटचे दोन रकाने कोरेच राहिले. लढण्याबाहेर गेलेल्या जखमीवर वार करू नये, हा युद्धाचा नियम. तो पाळला की मोडला हे ठरायचं तर नेमकी तीच मिनिटं हवीत. कापणाऱ्यानं ती कापलेली असतात आणि वर ढणढण संगीत चढवलेलं असतं. आपल्या बघण्यातून जाहिरातीचा पैसा मिळाला तर त्यालाच मिळतो.

कागद भरताना दोन घटना बोलण्यात आल्या. १२ जुलै २००७ला बगदादमध्ये अपाचेच्या गोळीबारात रॉयटर्स वृत्तसंस्थेचे दोन कर्मचारी मारले गेले. वर बसलेल्यांना कॅमेरा शस्त्र वाटला होता. गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या विकिलीक्सनं २०१०मध्ये तो व्हिडिओ दोन लांबींत दिला, सुमारे १७ मिनिटांचा आणि ३९ मिनिटांचा. ३ ऑक्टोबर २०१५ला अफगाणिस्तानातल्या कुंदूझमध्ये एसी-१३०नं ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या डॉक्टरांच्या संघटनेचं रुग्णालयच दुसरी इमारत समजून भाजून काढलं, ४२ जण गेले. रुग्णालयाचं नेमकं ठिकाण आधी कळवलेलं होतं. प्रशिक्षित माणसं, महागडी यंत्रं, तरी ही चूक. मोबाइलच्या पडद्यावरून ‘तो अतिरेकीच होता’ असं आपण कशाच्या जोरावर म्हणणार?

अकरातला एक व्हिडिओ चक्क गेमचा निघाला. अशांची लक्षणं ठरलेली: रात्रीचं दृश्य, मुद्दाम धूसर केलेलं, हलता कॅमेरा, आवाज नाही, माणसं फारशी हलत नाहीत, स्फोटाचा धूर एकसारखा. २०१७मध्ये खुद्द रशियाच्या संरक्षण मंत्रालयानं मोबाइल गेममधलं चित्र पुरावा म्हणून टाकलं होतं, तेव्हा मुलानं ओशाळायचं कारण नव्हतं.

उपाय साधे होते. रात्री नऊनंतर फोन स्वयंपाकघरात, गजराला दोनशे रुपयांचं घड्याळ. यूट्यूबवरचा पाहण्याचा इतिहास पुसायचा आणि बंदही ठेवायचा. नुसता पुसला तर चार दिवसांत शिफारशी पुन्हा तिथेच. टेलिग्राम-व्हॉट्सॲपवर आपोआप डाउनलोड बंद. दृश्य डोळ्यांपुढे आलंच तर ते दाबायचं नाही. उठून दिवा लावायचा, दहा-पंधरा मिनिटं हाताडोळ्यांना काम द्यायचं. ठोकळे रचण्याचा गेम चालतो. प्रयोगशाळेत त्रासदायक चित्रफितीनंतर लवकर तो खेळलेल्यांना नंतर नकोशी दृश्यं कमी आठवली होती. पूर्ण बंदी घातली नाही. दिवसा, बसून, वीस मिनिटं, आणि पाचही रकाने भरता येतील तेच.

पहिल्या आठवड्यात घोळ झालाच. वडिलांनी फोन हिसकावला, मुलगा मित्राच्या फोनवर बघू लागला आणि आम्हाला खोटं सांगू लागला. फोन परत द्यायला लावला, तेव्हा कुठे कागद पुढे सरकला. चौथ्या आठवड्यात सलग सहा तास झोप. महिन्यानंतरही दुःस्वप्नं तशीच राहिली, किंवा जगणं नको वाटू लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. त्यातल्या दुसऱ्या गोष्टीसाठी महिनाभर थांबूही नये. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत व्हिडिओंचा पूर आला, त्यात गेममधलेही होते. जेवताना टीव्ही बंद, हा नियम तेव्हा घरच्या सगळ्यांना लावला. मुलानं पाळला. वडील मात्र ताट घेऊन शेजाऱ्याकडे जाऊ लागले.