कारखान्याच्या डोमेनवरून पाठवलेले मेल स्पॅममध्ये का जातात?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, मेल गूगल वर्कस्पेसवर, वेबसाइट वेगळ्या होस्टिंगवर, बिलं तिसऱ्याच सॉफ्टवेअरमधून, आणि कोटेशन पार्टीच्या स्पॅममध्ये. तुमच्या प्रश्नावरून पहिला संशय एसपीएफवर जातो, म्हणजे तुमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्या यादीवर.

डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदी असतात तिथे) टीएक्सटी, म्हणजे मजकुराचे, रेकॉर्ड बघा. बहुतेक एसपीएफचे दोन रेकॉर्ड सापडतील, एक होस्टिंगने आपोआप टाकलेला आणि दुसरा गूगलचा. दोन असले की तपासणी 'पर्मएरर' (कायमची चूक) देते, म्हणजे दोन्ही वाया. एकच ठेवा, त्यातच गूगलचा इन्क्लूड (गूगलची यादी जोडणारा भाग) घाला आणि शेवटी '~ऑल' लावा, म्हणजे यादीबाहेरचे सर्व्हर संशयास्पद धरले जातात. एसपीएफ तपासताना होणाऱ्या डीएनएस चौकशांची, म्हणजे लुकअपची, मर्यादा १० आहे आणि इन्क्लूडच्या पोटातले इन्क्लूडही त्यात धरतात, त्यामुळे बंद केलेल्या सेवा काढून टाका.

मात्र मुंबईच्या एजंटाने तुमचा मेल पुढे फॉरवर्ड केला की एसपीएफ बहुधा मोडतो, कारण पाठवणारा सर्व्हर बदलतो. डीकिमची सही, म्हणजे मेलवर डोमेनने केलेली डिजिटल खूण, मेलसोबतच जाते. मजकुराला कुणी हात लावला नाही तर ती टिकते. वर्कस्पेसच्या अ‍ॅडमिनमध्ये जीमेलच्या सेटिंगात या सहीसाठी २०४८ बिटची की (किल्ली) तयार करा आणि ती डीएनएसमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड म्हणून टाका. नावाच्या रकान्यात फक्त 'गूगल._डोमेनकी' एवढंच इंग्रजीत लिहा. बरेच पॅनल पुढे डोमेन स्वतःच जोडतात आणि मग ते दोनदा लागतं. की २५५ अक्षरांपेक्षा लांब असते. पॅनलने ती नाकारली तर अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून टाका. नंतर अ‍ॅडमिनमध्ये परत येऊन 'स्टार्ट ऑथेंटिकेशन' दाबायचं. हे बटण राहिलं तर रेकॉर्ड असूनही सही होत नाही.

खरी गोची बिलांची. बिलिंगवाले अनेकदा स्वतःच्या डोमेनची सही करतात आणि रिटर्न-पाथही (न पोचलेला मेल परत येण्याचा पत्ता, एसपीएफ तोच तपासतं) त्यांचाच असतो. मग एसपीएफ पास, डीकिम पास, तरी डीमार्क (या दोन्ही तपासण्या 'फ्रॉम'च्या डोमेनशी जुळतात का ते बघणारा नियम) नापास, कारण 'फ्रॉम'मध्ये दिसणारं तुमचं डोमेन यांपैकी कशाशीच जुळत नाही. त्यांच्याकडून तुमच्या डोमेनची डीकिम सही मागा. देत नसतील तर सॉफ्टवेअरमध्ये वर्कस्पेसचं एसएमटीपी (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरची माहिती) भरा, म्हणजे बिलं गूगलमार्फतच जातील.

डीमार्क सुरुवातीला 'पी=नन' (नापास मेलवर काही कारवाई नको) ठेवा आणि 'आरयूए'त, म्हणजे रिपोर्ट कुठे पाठवायचे त्या जागी, वेगळा मेलबॉक्स द्या, त्या एक्सएमएल फायलींनी रोजचा इनबॉक्स भरून जातो. तुमच्या नावाने आणखी कोण मेल पाठवतं (वेबसाइटचा चौकशी फॉर्म हमखास निघतो) ते रिपोर्टमध्ये कळेल. सगळे जुळले की 'क्वारंटाइन' (नापास मेल स्पॅममध्ये टाका) करा. थेट 'रिजेक्ट' (नापास मेल नाकारा) केलंत तर स्वतःचीच बिलं परत येतील.

पीटीआरची, म्हणजे सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून त्याचं नाव सांगणाऱ्या नोंदीची, चिंता सोडा, वर्कस्पेसच्या सर्व्हरचं गूगल बघतं.

बदलानंतर एखाद्या जीमेल खात्यावर कोटेशन आणि बिल दोन्ही पाठवा आणि मेलच्या मेनूतलं 'शो ओरिजिनल' उघडा. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही ठिकाणी 'पास' असूनही मेल स्पॅममध्ये गेला, तर कारण रेकॉर्डबाहेर आहे. प्रदर्शनात गोळा केलेल्या व्हिजिटिंग कार्डांवरचे सगळे पत्ते बीसीसीत टाकून रेटलिस्ट धाडत असाल, तर ते आधी थांबवा. स्पॅम तक्रारी ०.३ टक्क्यांवर जाऊ देऊ नका, असं २०२४ पासून गूगलचं सांगणं आहे, आणि थोडेच मेल पाठवणाऱ्याला तेवढं गाठायला फारशा तक्रारी लागत नाहीत.