माजी विद्यार्थी संघातल्या कारागिरांचा शाळेच्या मुलांना खरा उपयोग काय?

आपल्या कॅथलिक शाळेच्या माजी विद्यार्थी संघात वायरमन, प्लंबर, सुतार, वेल्डर अशी मंडळी पुष्कळ आहेत, परंतु मोठी देणगी देण्याची त्यांची ऐपत नाही. तेव्हा मुलांसाठी निधी जमवण्याच्या आणि ओळखी मिळवून देण्याच्या कामात त्यांना ‘कसे सामावून घ्यावे’, असे आपण विचारले आहे. ऐपतीविषयीचा आपला अंदाज मला पटत नाही, कारण आमच्या तुकडीतला एक प्लंबिंग ठेकेदार आज आमच्या निम्म्या कार्यकारिणीपेक्षा अधिक प्राप्तिकर भरतो. पण ते राहू द्या. ‘सामावून घ्यावे’ हे शब्द मात्र मला लागले, आणि त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे. मी वायरमन आहे, अशाच एका शाळेचा माजी विद्यार्थी आहे, आणि आमच्या संघाने मला जवळजवळ दहा वर्षे सामावून घेतले होते. म्हणजे स्नेहसंमेलनाच्या दिवशी मी सर्वांच्या आधी पोहोचायचो आणि सर्वांच्या नंतर निघायचो, कारण मंचाची वायरिंग माझ्याकडे असायची.

एका वर्षी शाळेच्या शेवटच्या वर्गासाठी संघाने करिअर मार्गदर्शनाचा दिवस ठेवला. फलकावर आठ माजी विद्यार्थ्यांची नावे होती: दोन डॉक्टर, तीन अभियंते, एक वकील, एक लेखापाल आणि एक बँक अधिकारी. माझे नाव नव्हते, आणि ते असावे असे तोपर्यंत मलाही कधी वाटले नव्हते. मी पडद्यामागे शिडीवर होतो. सजावट करणाऱ्याने प्रत्येकी १००० वॉटचे सहा हॅलोजन एकाच १६ अँपिअरच्या एमसीबीवर, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणाऱ्या खटक्यावर, जोडून ठेवले होते, आणि त्यांतल्या दोन दिव्यांच्या तर उघड्या तारा आगपेटीच्या काड्या खोचून सॉकेटात बसवल्या होत्या. दिवे लागायचे, काही मिनिटे नीट चालायचे, आणि वक्ता जरा रंगात आला की एमसीबी पडायचा. शिडी धरायला शिपायाने एका मुलाला पाठवले होते. व्याख्यान बुडते आहे याचे त्याला काडीचेही दुःख नव्हते, त्यावरून तो शेवटच्या बाकावरचा असावा हे मी ओळखले. मीही त्याच बाकावरचा.

तिसऱ्यांदा अंधार झाला तेव्हा त्याने विचारले, “दिवे जास्त झालेत, तर मग लावल्या लावल्या का पडत नाही? थोडा वेळ चालतो कसा?” मला हा प्रश्न उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी पडला होता. मी खाली उतरलो आणि त्याला हिशेब मांडायला लावला. ६००० भागिले २३०, म्हणजे सुमारे २६ अँपिअर. सोळाच्या दीडपटीहून थोडे अधिक. मग सांगितले की एमसीबीच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते, जास्तीच्या प्रवाहाने ती हळूहळू तापते, तापली की वाकते आणि पुरेशी वाकली की खटका सोडते. शॉर्ट सर्किट झाले तर मात्र या पट्टीसाठी थांबावे लागत नाही, तिथे तारेची गुंडाळी चुंबक होऊन क्षणात खटका ओढते. त्याने वहीच्या मागच्या पानावर पट्टीचे चित्र काढून घेतले. आम्ही काड्या काढून प्लग टॉप बसवले आणि हॅलोजन दोन सर्किटांवर तीन-तीन वाटले. “आता तेरा-तेरा आले,” असे तो माझ्या आधी म्हणाला. त्यानंतर कार्यक्रम संपेपर्यंत दिवा गेला नाही.

शिडी मिटताना त्याने आणखी दोन गोष्टी विचारल्या. एक, मी याच शाळेचा आहे का. आणि दुसरी, हे काम शिकायला किती टक्के लागतात. पहिल्याचे उत्तर ऐकल्यावर तो फलकावरची नावे पुन्हा वाचू लागला. दुसऱ्या बाबतीत त्याला मदत करायला मंचावरच्या आठांपैकी एकही जण कामाचा नव्हता आणि संघाची शिष्यवृत्तीही नव्हती, कारण ती पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गुण आणि पदवी किंवा पदविकेचा प्रवेश असेल तरच मिळत असे.

पुढच्या सभेत मी ठराव मांडला की शाळा सोडून कामाला लागणाऱ्या मुलांनाही निधीतून हत्यारांची पेटी आणि प्रशिक्षणाचे शुल्क द्यावे. संघाचे त्या वेळचे एक पदाधिकारी, जे पाच वर्षे माझ्या शेजारी बसून माझ्या वहीतली गणिते उतरवत होते, ते म्हणाले, “शिष्यवृत्ती शिक्षणासाठी असते, हत्यारांसाठी नसते.” मी विचारले की मागच्याच वर्षी वैद्यकीय शाखेच्या मुलीला आपण स्टेथोस्कोपचे पैसे दिले, ते कशात धरायचे? विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला, आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो नव्हता. या गोष्टीला बरीच वर्षे झाली. उत्तर मला अजून मिळालेले नाही.

आम्ही नऊ जणांनी मग वेगळी चूल मांडली. नियम एकच ठेवला, की वर्षातल्या एका ठरलेल्या दिवसाची पूर्ण कमाई प्रत्येकाने द्यायची, मग तो रोजंदारीवरचा गवंडी असो की दहा माणसे हाताखाली असलेला ठेकेदार. त्यामुळे कोणी किती दिले याची तुलना होत नाही आणि कमी देणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. पहिल्या वर्षीच्या रकमेतून चार पेट्या झाल्या. वायरमनच्या पेटीत टेस्टर, पक्कड, वायर स्ट्रिपर, स्क्रूड्रायव्हरचा संच, मल्टिमीटर, रबरी हातमोजे आणि खिळा न घुसणारे बूट. बुटांवर आमच्यातच वाद झाला, कारण ते पेटीतले सर्वांत महाग होते, पण मी हट्ट सोडला नाही. नवशिका मुलगा पहिल्या पगारातून बूट घेत नाही. तो चपलेवर साइटवर जातो आणि खिळा पायात गेला की महिनाभर घरी बसतो.

आमच्या हातून चूकही झाली, आणि ती सांगितली पाहिजे. पहिल्या चौघांपैकी एका मुलाला आम्ही आमच्याच एका वर्गमित्राकडे प्लंबिंगच्या कामाला लावले. ओळखीचा माणूस म्हणून काहीही लिहून घेतले नाही. चार महिन्यांनी चौकशी केली तेव्हा कळले की मुलगा मालकाची गाडी पुसतो, सामान पोहोचवतो, मालकाच्या मुलांना शिकवणीला सोडतो, आणि पाइपला आटे पाडायचे हत्यार त्याने अजून हातातही धरलेले नाही. मी संत जॉन बॉस्को यांनी स्थापन केलेल्या सालेशियन धर्मसंघातल्या एका ब्रदरांपाशी मन मोकळे केले. त्यांनी मला धीर वगैरे दिला नाही. एका जुन्या कराराची प्रत समोर ठेवली. ८ फेब्रुवारी १८५२ रोजी इटलीतल्या तुरिन शहरात याच जॉन बॉस्को, म्हणजे डॉन बॉस्को, यांनी एका सुतार मालकाशी एका उमेदवार मुलासाठी केलेला तो करार होता. मालकाने मुलाला धंदा शिकवायचा, धंद्याबाहेरची कामे सांगायची नाहीत, चुकला तर तोंडाने समज द्यायची पण हात उगारायचा नाही, सणाच्या दिवशी त्याला पूर्ण मोकळे सोडायचे आणि मजुरी टप्प्याटप्प्याने वाढवायची, असे त्यात कलमवार लिहिले होते आणि खाली सह्या होत्या. त्याच्या आदल्या वर्षी काच बसवणाऱ्या एका मालकाशीही त्यांनी असा करार केला होता. आमचे चार महिने ज्या चुकीत गेले, ती एका धर्मगुरूने पावणेदोनशे वर्षांपूर्वी ओळखून कागदावर बंद केली होती. तेव्हापासून आमचाही एक पानी करार असतो, ओळख कितीही जुनी असो. त्यात पहिल्या सहा महिन्यांत मुलाला कोणकोणती कामे स्वतःच्या हाताने करायला मिळतील याची यादी असते, आणि दर महिन्याला आमच्यातला एकजण साइटवर जाऊन ती यादी मुलाकडून ऐकतो. मालकाला विचारत नाही.

त्याच ब्रदरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी प्रत्येक पदाधिकाऱ्याला ऐकवतो. सालेशियन शाळांच्या माजी विद्यार्थ्यांची चळवळ २४ जून १८७० पासून धरतात. त्या दिवशी डॉन बॉस्को यांच्या नामदिनानिमित्त, म्हणजे ज्या संताचे नाव त्यांना होते त्याच्या सणानिमित्त, त्यांची काही जुनी मुले वर्गणी काढून कॉफीच्या कपांची भेट घेऊन गेली. त्यांचा पुढारी कार्लो गास्तीनी हा पुस्तकबांधणी करणारा कारागीर होता, आणि लहानपणी तो न्हाव्याच्या दुकानात उमेदवारी करत असताना डॉन बॉस्को यांना भेटला होता. म्हणजे आज जिथे फलकावर आठ पदवीधरांची नावे येतात आणि कारागीर पडद्यामागे असतो, त्या चळवळीची पहिली वर्गणी एका बुकबाइंडरने गोळा केलेली आहे.

ओळखींबाबत आपण विचारलेच आहे म्हणून आडॉल्फ कोल्पिंग यांचेही नाव घेतो. ते आधी चांभारकाम करणारे कारागीर होते, नंतर धर्मगुरू झाले, आणि १८४९ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या कोलोन येथे तरुण कारागिरांचा संघ सुरू केला. काम शोधत गावोगाव फिरणाऱ्या कारागिराला दुसऱ्या शहरातल्या संघाच्या घरी निवारा आणि सोबत मिळत असे. ज्याला आपण आज नेटवर्किंग म्हणतो, ते मला तरी याहून वेगळे वाटत नाही.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की पैसे हा कारागिराकडून घेण्याच्या गोष्टींतला दुसरा क्रमांक आहे. पहिली गोष्ट त्याचा फोन. कोणत्या साइटवर पुढच्या महिन्यात माणसे लागणार आहेत, कोणता ठेकेदार पगार थकवतो, कोणता सुपरवायझर शिकवतो आणि कोणता केवळ ओरडतो, हे त्याला माहीत असते आणि कोणत्याही जाहिरातीत ते येत नाही. संघाची यादी तुकडीनुसार असेल तर ती धंद्यानुसार पुन्हा करा, आणि प्रत्येकासमोर एवढेच लिहून घ्या की वर्षाला एका मुलाला तो स्वतःबरोबर आठवडाभर नेऊ शकेल का. देणगी मागितली की जो फोन उचलत नाही, तो याला बहुतेक हो म्हणतो. हत्यारे विकणाऱ्या व्यापाऱ्यांकडेही त्यालाच पाठवा. आमच्या सचिवांच्या छापील पत्रावर ज्याने दोन वर्षे उत्तर दिले नाही, त्याच व्यापाऱ्याने वीस वर्षांचे गिऱ्हाईक दारात उभे राहिल्यावर पाच ड्रिल मशीन खरेदीच्या भावात दिल्या.

निधीसाठी एका दिवसाच्या कमाईचा नियम मी वर सांगितलाच आहे. दुसरा मार्ग कामाच्या लिलावाचा. सुताराने एक दिवस, रंगाऱ्याने एक खोली, वायरमनने एका घराची अर्थिंगची तपासणी देऊ करावी. संघातल्या नोकरदारांनी बोली लावून ते काम विकत घ्यावे आणि रक्कम थेट निधीत जावी. आमच्याकडे पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली मघाच्या त्या पदाधिकाऱ्यांनी स्वयंपाकघराच्या कपाटांसाठी लावली. त्यांनी पैसे चोख दिले आणि काम पाहून सुताराला शाबासकीही दिली, हे मी नोंदवून ठेवतो. हत्यारांना शिक्षणात जागा नाही या मतावर ते त्यानंतरही ठाम होते.

आणि कारागीर शाळेसाठी फुकट काम करतो तेव्हा त्याचे पूर्ण बिल घ्या, ते हिशेबात दाखवा आणि त्याला तेवढ्या रकमेची पोच द्या. माझ्या दहा वर्षांच्या वायरिंगचा एकाही वार्षिक अहवालात उल्लेख नाही. एका वर्षी मात्र हार-तुऱ्यांच्या देणगीदाराचे छायाचित्र छापले होते.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. कायद्याने ठरवलेल्या वयाखालच्या मुलाला चालू साइटवर कामाला लावायचे नाही; आठवडाभर नेणे म्हणजे पाहायला आणि सुरक्षित काम शिकायला नेणे. शाळेत शिकणाऱ्या मुलाबरोबर एकट्या मोठ्या माणसाला पाठवू नका, मग तो माझ्यासारखा जुना माजी विद्यार्थी का असेना. पालकांची लेखी संमती आणि शाळेचा एक शिक्षक सोबत हवा. विजेचे काम परवान्याशिवाय स्वतंत्रपणे करता येत नाही हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगा. मुलींना यातून वगळू नका. आमच्याकडे पाच वर्षे कोणाला सुचलेही नाही, मलासुद्धा नाही. आणि ज्याला पुढे शिकायचे आहे त्याला केवळ घरची परिस्थिती बेताची आहे म्हणून पेटी देऊन वाटेला लावू नका. तो शिडी धरणारा मुलगा शेवटी वायरमन झाला नाही. पेटी घेऊन तो दोन वर्षे माझ्याबरोबर होता, मग त्याने विद्युत अभियांत्रिकीच्या पदविकेला प्रवेश घेतला, आणि तेव्हा संघाने त्याला शिष्यवृत्ती दिली.

पुढच्या मार्गदर्शन दिवसाच्या फलकावर दोन कारागिरांची नावे त्यांच्या धंद्यासकट, डॉक्टरांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहा. मंचाची वायरिंग त्या दिवसापुरती बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन करून घ्या, आणि त्याने काड्या खोचलेल्या नाहीत ना, एवढे तपासून पाहा.