जुनी वेब्ली आणि तिची काडतुसे

प्रश्न : लष्करमधल्या (ग्वाल्हेर) आमच्या वाड्यात पणजोबांच्या पेटीत वेब्ली 'मार्क फोर' रिव्हॉल्वर आणि हिरवट पडलेली सहा काडतुसे निघाली. काडतुसांची लांबी सारखी नाही. सगळी याचीच का? .४५ पिस्तुलाची नवी काडतुसे चालतील का?

उत्तर : रिव्हॉल्वर भरलेलेच आहे असे धरून चाला. नळी निर्धोक दिशेला ठेवा, बोट चापावर नको. घोड्याच्या डाव्या बाजूची कळ अंगठ्याने दाबली की नळी खाली झुकते आणि सिलिंडरमधली काडतुसे आपोआप वर उचलली जातात. गंजामुळे अडले तर ठोकू नका, तेही परवानाधारक शस्त्रविक्रेत्यावर सोडा.

लांबी मोजायची ती फक्त पितळी कवचाची. सुमारे २२ मिलिमीटर भरली तर 'मार्क वन' काडतूस, साडेएकोणीसच्या आसपास असेल तर १८९७चे 'मार्क टू'. काळ्या दारूच्या जागी कॉर्डाइट हे बिनधुराचे स्फोटक आले. ते थोडेच पुरते, आणि लांब कवचात उरलेल्या पोकळीमुळे नीट जळत नाही, म्हणून कवच आखूड केले. तुमचे रिव्हॉल्वर १८९९च्या नमुन्याचे, .४५५चे. दोन्ही लांबीची काडतुसे त्याचीच. एखाद्यात सपाट तोंडाची, पुढे खळगा असलेली गोळी दिसली तर ते १८९८चे 'मार्क थ्री' असू शकेल. शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालणाऱ्या हेग जाहीरनाम्यानंतर ते ब्रिटिश सैन्यातून काढून घेतले गेले. संग्राहकाच्या दृष्टीने हे फार मोलाचे.

.४५ पिस्तुलाची काडतुसे मुळीच नकोत. परदेशात अनेक वेब्लींच्या सिलिंडरची मागची बाजू कापून ती बसवली गेली, त्यातून हा समज पसरला. पण .४५५चा दाब दर चौरस इंचाला साधारण १३,००० पौंड, तर .४५चा २१,००० पर्यंत जातो. सिलिंडर फुटू शकतो.

पितळ घासू नका. अमोनिया असलेल्या पॉलिशने त्यात भेगा पडतात, शिवाय बुडावरचा शिक्का पुसट होतो आणि ओळखच जाते. 'के एफ' असेल तर काडतूस आपल्या खडकीचे. इतकी जुनी दारू निकामी झाली असेल, असेही गृहीत धरू नका. रिव्हॉल्वर चामड्याच्या म्यानात ठेवू नका, पावसाळ्यात चामडे ओल धरते आणि पोलाद गंजते. पातळ तेलाचा हात पुरे, पॉलिशपेपर नको.

प्रश्न : इतक्या जुन्या शस्त्राला परवाना लागतो का?

उत्तर : नुसते जुने असून भागत नाही. शस्त्र कायदा १९५९च्या कलम ४५ची सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा शस्त्राला आहे. तुमचे तसे दिसत नाही. परवाना नसेल तर कलम २१ प्रमाणे ते काडतुसांसह विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. वारसाहक्काचा अर्ज त्यानंतर करता येतो.